कामचोर दात

उन्हानं त्या वर्षी घाई केली. पीक अजून काही दिवस उभं राहील असं सगळे धरून बसले होते, तर चार दिवसांच्या झळांनी ते वाळून खुळखुळायला लागलं. मग वर्षभर छपरात, गोठ्यात, दाराच्या वरच्या फटीत खोचून ठेवलेले विळे एकदम बाहेर निघाले आणि निघाले ते सगळे एकाच दारात आले. कुणाची धार गेलेली, कुणाचे दाते झिजून नुसत्या हिरड्या उरलेल्या, कुणाची मूठ कधीतरी चुलीत गेलेली. लोहाराच्या पडवीत विळ्यांचा ढीग झाला, आणि प्रत्येकाला आपलाच विळा ढिगाच्या वर हवा होता.

"लोहारदादा, माझा तेवढा आधी."

"सगळ्यांचाच आधी आहे," लोहार म्हणायचा. "नंतरचा एखादा आणा रे कुणीतरी, म्हणजे मला जरा दम खाता येईल."

भट्टी उजाडायच्या आत पेटायची. भट्टीला वारा घालणाऱ्या पंख्याचं चाक फिरवायला म्हातारी, म्हणजे लोहाराची आई. ऐरणीच्या अलीकडे सांडशी आणि लहान हातोडी घेऊन लोहार उकिडवा बसलेला, आणि समोर घण घेऊन उभी त्याची बायको. तापलेलं लोखंड ऐरणीवर आलं की लोहार हातोडीनं टिचकी मारायचा, आणि ती जिथं पडली तिथंच लोहारीण घण घालायची. टिच्, धाड्. टिच्, धाड्. हातोडी ऐरणीवर आडवी ठेवली की थांबायचं. लग्न होऊन आल्यापासून दोघांचं निम्मं बोलणं असंच झालं होतं. उरलेल्या निम्म्यात भांडणं व्हायची, म्हणून ह्या निम्म्याला दोघंही जपून होती.

दात दुखायला लागला तो ह्याच धावपळीत. डावीकडचा, खालचा, मागच्या बाजूचा. म्हणजे तिला तसं वाटायचं, नेमकं बोट ठेवता येत नव्हतं. काही घाव झाले की जबड्यातून कळ निघायची, कानाखाली जाऊन बसायची, कधी गळ्याशी उतरायची. घाम तर भट्टीपुढं येतोच, पण हा घाम गार असायचा. ती घण टेकवून उभी राहायची. लोखंड परत निखाऱ्यात जाऊन लाल होईतो कळ ओसरायची, आणि इतकी साफ ओसरायची की आपण खोटं तर बोललो नाही ना, असं तिचं तिलाच वाटायचं.

"काय गं?" लोहारानं विचारलं.

"दात."

"जेवताना दुखतो?" म्हातारीनं चाक न थांबवता विचारलं.

"नाही."

"झोपल्यावर?"

"नाही, आई."

"मग बरोबर. कामचोर दात आहे. माझ्या थोरल्या दिरासारखा. जेवायला पुढं, झोपायला पुढं, घण दिसला की मेला कण्हायला लागायचा."

लोहारीण हसली. म्हातारीनं डबीतली तंबाखूची चिमूट तिच्या हातावर ठेवली. "दाढेखाली दाबून ठेव. बधिर होईल." ती दाबून ठेवायला लागली. आधी सकाळी एक चिमूट, मग जेवणानंतर एक, मग डबी तिच्याकडंच राहिली.

घरात आजारी माणसाची जागा एकच होती आणि ती भरलेली होती. मागे एकदा लोहाराच्या छातीवर ऐरण ठेवल्यासारखं झालं होतं, तेव्हा शहरात नेऊन त्याच्या रक्तवाहिनीत स्प्रिंग बसवली होती. तेव्हापासून तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "बाकीचे लोहार लोखंड सांडशीत धरतात, मी छातीत घेऊन फिरतो." त्याला वजन उचलायला बंदी. विडीला बंदी, निदान घरच्यांसमोर. मिठाला, तेलाला बंदी. आणि ह्या सगळ्या बंद्या राबवायचं काम लोहारणीचं. ती त्याची भाजी बिनमिठाची आधी काढून ठेवायची, मग उरलेल्या भाजीत मीठ घालताना हात सैल सोडायची, निम्मं घामावाटे जातंच म्हणून. त्याच्या वाटीतल्या रश्श्यावरचा तवंग पळीनं काढायची आणि तेल फेकायचं कसं म्हणून स्वतःच्या ताटात ओतायची. कोळशाची पोती पूर्वी दोघं मिळून उतरवायची, ती आता एकटी उतरवायची. त्याची सकाळची गोळी, संध्याकाळची गोळी, जिभेखालची गोळी तिला नुसत्या बोटांना कळायची. त्याला विचारलं तर तो म्हणायचा, "एक पांढरी असते. बहुतेक."

उपकेंद्राची सिस्टर स्कूटरवरून आली ती ढीग सगळ्यात उंच असताना. पडवीत माणसं ताटकळत बसलेली. कापणीच्या टोळीचा मुकादम तर दारात पिकअप चालूच ठेवून बसला होता. बंद केली तर लोहार सुस्तावेल असा त्याचा हिशोब असावा.

सिस्टरनं लोहाराच्या दंडाला पट्टा बांधला, यंत्र गुरगुरलं. "छान आहे. तरण्या पोरासारखं."

"मग विडी चालेल?"

"तोंडाला वास येतोय तो कशाचा?"

"कोळशाचा."

मुकादम खो-खो हसला. लोहार दंडावरचा पट्टा सोडवत म्हणाला, "सिस्टर, हिचंही बघा जरा. दात दुखतोय."

"दाताचं मी काय बघणार? पण या, दाब बघून टाकू."

लोहारीण हात पुसत आली. बाही वर सारायला गेली तर ती दंडावरच अडकली. सिस्टरनं पट्टा गुंडाळला, चिकटवला. हवा भरली आणि पट्टा चर्र करून सुटला. पुन्हा बांधला, पुन्हा सुटला.

"अहो, दंड आहे की बैलाची मान!" सिस्टर म्हणाली. ती काही वाईट बाई नव्हती. चार गावं एकटीनं फिरायची, हसायला जिथं मिळेल तिथं हसून घ्यायची.

"वहिनी," मुकादमानं तिथूनच आवाज दिला, "लोहारदादांना मारत-बिरत नाही ना?"

"गरज पडत नाही," म्हातारी म्हणाली. "नुसता दाखवला की पुरतो."

सगळ्या पडवीनं दात काढले. लोहारीणही हसली आणि दुसऱ्या हातानं दंड झाकायला लागली. एरवी ह्या दंडाची तिला लाज नव्हती, उलट मनातून थोडा तोराच होता. पण पट्ट्यात न मावणारा दंड चार माणसांसमोर उघडा ठेवून बसायचं म्हणजे, दुकानात मापाची चप्पल न मिळाल्यावर अनवाणी उभं राहिल्यासारखं. तिसऱ्या वेळी सिस्टरनं पट्टा हातानंच दाबून धरला. यंत्रानं आकडा दाखवला. सिस्टरच्या भुवया वर गेल्या आणि थोड्या वेळानं खाली आल्या.

"खूपच दाखवतंय. पण हा धरायचा नाही. पट्टा लहान पडला की आकडा फुगतो. मोठा पट्टा मागवलाय मी, आला की नीट बघू."

"म्हणजे मला काही नाही ना?"

"म्हणजे बघू," सिस्टर म्हणाली. पण तोवर लोहारणीनं बाही खाली ओढली होती, मुकादमानं हॉर्न दिला होता, आणि निखाऱ्यातलं लोखंड पांढरं व्हायला लागलं होतं.

बाजाराच्या दिवशी कोळसा सांगायला ती गेली, आणि जाता जाता दातांच्या डॉक्टरकडं शिरली. दवाखाना माडीवर. अर्धा जिना चढली आणि दात ठणकला. कठड्याला धरून ती थांबली. 'बघ, काढणार म्हटल्यावर कसा घाबरला,' ती दाताला मनात म्हणाली. वर जाऊन बाकावर बसली तर दुखणं गायब.

डॉक्टर पोरसवदा होता. चिमट्याच्या मागच्या टोकानं त्यानं एकेक दात ठोकून पाहिला.

"हा दुखतो?"

"नाही."

"हा?"

"नाही. पण हाच असेल."

"गार पाण्यानं? गोडानं?"

"नाही."

"मग दुखतो कधी?"

"काम करताना."

डॉक्टर हसला. "जोर लावताना दात आवळत असाल. दात चांगला आहे, ताई. तंबाखूनं हिरडी थोडी उतरलीय, तेवढी सोडा. औषध देतो, पुढच्या बाजाराला या."

"पुढच्या बाजाराला रानात पीक राहणार नाही. काढून टाका."

"अहो, चांगला दात कसा काढू?"

"चांगला असता तर कामाला आला असता."

डॉक्टरनं आणखी दोनदा समजावलं. मग बाहेरच्या रांगेकडं पाहिलं आणि सुई भरली. दात सहजासहजी येईना. मुळं लाकडात ठोकलेल्या खिळ्यासारखी. डॉक्टरनं एक पाय खुर्चीला लावला, त्याचा चष्मा घामानं घसरायला लागला. त्याचे काडीसारखे हात बघून लोहारणीला वाटलं, चिमटा आपल्याकडं मागावा आणि एका झटक्यात मोकळं व्हावं. पण तोंड उघडं होतं आणि बधिर होतं, त्यामुळं मागता आलं नाही.

घरी आल्यावर म्हातारीनं कागदातला दात उन्हात धरून फिरवून पाहिला.

"अख्खा आहे की गं. लोखंडाला दाते काढायचे तर इथं ढीग पडलाय, आणि तू बाजारात जाऊन स्वतःचा काढून आलीस. हा मला तरी दिला असतास."

"आता कटकट गेली ना, आई," गालात कापूस धरून लोहारीण म्हणाली. खरंच तिला हलकं वाटत होतं. त्या संध्याकाळी ती काही न करता पायरीवर बसली होती, आणि बसल्या बसल्या काही दुखत नव्हतं.

सकाळी पहिलं लोखंड ऐरणीवर आलं. टिच्, धाड्. टिच्, धाड्. आणि कळ आली. तीच. त्याच जागी. जिथं आता दात नव्हता तिथं.

ती इतकी दचकली की घाव ऐरणीच्या काठावर बसला. लोहारानं वर पाहिलं.

"घसरला," ती म्हणाली.

सांगायचं कुणाला? डॉक्टर नको म्हणत असताना चांगला दात उपटून आणला होता. म्हातारीला आयतं कोलीत. पडवीला तर जन्माची करमणूक. तिनं ओठ मिटले आणि घण उचलला. पण आता कळ लवकर यायला लागली. दोन-तीन घावांतच. डाव्या हातातून मनगटापर्यंत मुंग्या उतरायला लागल्या. ते घणाचं असेल, तिनं ठरवलं. घागर उचलताना आली, तेव्हा ते घागरीचं असेल. एका जागी धड उभं राहवेना, बसवेना. ती उगाच आत जायची, बाहेर यायची, झाकलेली भांडी उघडून परत झाकायची. म्हातारी म्हणाली, "विंचू चावल्यासारखी काय फिरतेस?" ती म्हणाली, "काही नाही." आणि दुपारी, लोहाराचं ताट वाढून, स्वतः भिंतीला टेकून नुसती बसली होती, हातात काही नव्हतं, डोक्यात काही नव्हतं, तेव्हाही ती आली. बसलेल्या माणसाला. न बोलावता.

लोहारानं घास खाली ठेवला. "जबडा का धरलायस? दात तर गेला."

"गेला."

"जखम असेल मग."

"जखमेचं नाही." ती हसल्यासारखं करून म्हणाली, "नसलेला दात दुखतोय. कुणाला सांगू नका हं. मुकादम वर्षभर पुरवील."

लोहार हसला नाही. शहरातल्या दवाखान्यात त्याला एकच प्रश्न दारातल्या डॉक्टरनं विचारला होता, मग मोठ्या डॉक्टरनं, मग शिकाऊ पोरापोरींनी घोळक्यानं येऊन. इतक्या वेळा, की तो झोपेतसुद्धा उत्तर द्यायचा. तोच प्रश्न त्याच्या तोंडून त्यांच्याच सुरात बाहेर पडला.

"श्रम केल्यावर येतं आणि बसल्यावर जातं, असं होतं का?"

"होत होतं."

"होत होतं म्हणजे?"

"आता बसूनही आलं."

तो ताटावरून उठला. "चल."

"कुठं चल? अहो, तुमच्या छातीत झालं होतं. माझ्या तोंडात होतंय. तोंडात कुठं हृदय असतं?"

"तुझं असेल. तुझं सगळं तोंडावरच असतं." बोलता बोलता त्यानं पायात चपला सरकवल्या.

म्हातारी चाकापासून ओरडली, "अरे, लोखंड जळतंय! मुकादम दारात बसलाय!"

"हे तापलेलं तेवढं होऊ द्या," म्हणत लोहारीण उठली. कुणी काही बोलायच्या आत तिनं स्वतःच सांडशीनं लाल विळा ऐरणीवर आणला आणि घण उचलला. लोहार धावत आला. त्यानं हातोडी ऐरणीवर आडवी ठेवली.

तिनं पाहिलं. आणि तरीही घण घातला. एकच. इतक्या वर्षांत आडव्या हातोडीवर तिनं पहिल्यांदा घाव घातला होता. मग घणाचा दांडा धरून ती हळूहळू खाली सरकली, मूठ सोडली, जबडा धरला. तोंडाचा रंग भट्टीतल्या राखेसारखा झाला.

लोहारानं लोखंडाला पाणी पाजायची बादली उचलली. उचलायला बंदी असलेली. आणि अख्खी भट्टीवर ओतली. फस्सकन वाफ उठली, पडवीतली माणसं खोकत मागं सरली. ऐन हंगामात विझलेली भट्टी कुणी पाहिली नव्हती. 

"गोळी," लोहार म्हणाला. "जिभेखालची. कुठं असते?"

"फडताळात," जमिनीवरून लोहारीण म्हणाली. "निळ्या झाकणाची डबी. ती नाही हो, ती शेजारची. आणि ती तुमची आहे. तुम्हाला लागली तर?"

"गप. आ कर."

मुकादम पुढं आला. "दादा, हे काय? माझी माणसं उद्या काय हातानं उपटणार का पीक?"

"गाडी चालूच आहे ना तुझी?" लोहार म्हणाला.

मुकादमानं लोहारणीकडं पाहिलं. मग पुढं होऊन पिकअपचं दार उघडलं. शहर येईपर्यंत तो नुसता हॉर्न वाजवत राहिला, रस्ता मोकळा असतानाही.

दवाखान्याच्या दारात चाकाची खुर्ची घेऊन एक वॉर्डबॉय धावत आला आणि त्यानं लोहाराला दंडाला धरून खुर्चीत बसवलं. बरोबरच होतं त्याचं. काळाठिक्कर, धापा टाकणारा म्हातारासा माणूस, हातात जुनी फाइल. टेबलामागच्या मुलीनं फाइल उघडून पाहिली. "पुन्हा छातीत दुखतंय का, काका? मावशी, तुम्ही पिशवी घेऊन बाहेर बसा."

लोहारीण पिशवी घेऊन बाहेर जायला वळली. सवयीनं. एका हातानं टेबलाचा काठ धरून तिनं त्याची पाण्याची बाटली पिशवीत नीट उभी केली.

"अहो, मी नाही!" लोहार खुर्चीतून ओरडला. "ती! तिला धरा, ती पडेल!"

मग सगळं भराभर झालं. आत नेलं, कपडे सैल केले, छातीवर गार गार काहीतरी चिकटवलं. डॉक्टरीणबाई बाजूच्या नर्सशी कशावरून तरी हसत होत्या. यंत्रातून कागदाची पट्टी सरकत आली तशा त्या हसायच्या थांबल्या.

"कधीपासून होतंय, बाई?"

"दातच होता तो. म्हणजे वाटलं."

"दात नाही हो. हृदय आहे. आणि एकदा झटका येऊन गेला असावा, तुम्ही त्यातूनही काम केलंय." त्या दाराकडं तोंड करून कुणालातरी मोठ्यानं हाका मारायला लागल्या, आणि लोहारणीला पहिल्यांदाच भीती वाटली. छताचे दिवे एकामागून एक डोक्यावरून जात होते. 'भाजी झाकलेली नाही,' हे तिच्या मनात आलेलं शेवटचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादम म्हातारीला घेऊन आला. तो दारातच उभा राहिला, चपला काढाव्यात की नाही ह्या विचारात. लोहारीण पलंगावर, अंगाला तारा. स्प्रिंग बसली होती. डॉक्टरीणबाई सांगून गेल्या होत्या की जीव वाचला, पण हृदयाचा एक तुकडा दुखावला तो दुखावला. घण बंद.

"हा हंगाम ना?" तिनं विचारलं होतं.

"सगळेच हंगाम," बाई म्हणाल्या होत्या.

ती तेव्हापासून छताकडं बघत होती. चादरीखाली पाय मात्र सारखे हलत होते.

नर्स औषधांची पिशवी घेऊन आली. "घरचं कोण? नीट ऐका. स्वयंपाक कोण करतं घरी?"

लोहारानं, म्हातारीनं आणि दारातल्या मुकादमानं पलंगाकडं पाहिलं.

"बरं. पाणी, जड कामं?"

कुणाचीच नजर हलली नाही.

"ह्यांच्या गोळ्या वेळेवर द्यायची जबाबदारी कुणाची? काका, तुम्हीही पेशंटच ना? तुमच्या कोण देतं?"

लोहार चादरीची घडी सारखी करायला लागला.

"मला सांगा, माझ्या लक्षात राहतं," लोहारीण म्हणाली आणि कोपरावर उठायला गेली. तारा ताणल्या, उशाशी यंत्र किंचाळायला लागलं. नर्स धावली. लोहारानं तिचा खांदा धरून तिला खाली दाबलं. 

म्हातारी स्टुलावरून उठली. नर्सच्या जवळ जाऊन तिनं मान वळवली आणि एक कान पुढं केला.

"इकडं सांग, बाळ. ह्या कानात. दुसऱ्यात ऐरण भरलीय, त्यातून काही आत जात नाही."

नर्सनं एक गोळी तिच्या तळहातावर ठेवली. म्हातारीनं ती दोन बोटांत धरली, वळवली, मधली रेघ नखानं चाचपली.

"ही कधी?"

"सकाळी. जेवल्यावर."

"जेवल्यावर," म्हातारी अख्ख्या खोलीला ऐकू जाईल अशी म्हणाली. "पुढची दे. आणि मिठाचंही सांग, तेलाचंही सांग. तंबाखूचं मला कळलं. ह्या घोड्याच्याही गोळ्या त्यातच सांगून टाक, एकदाच काय ते होऊ दे."

पलंगावरून हळूच आवाज आला. "आई, तुम्हाला जमेल का?"

"गप पड," म्हातारी म्हणाली. "मला ऐकू दे."